साक्षीदार सापडत नाही, उलटतपास बाकी आहे : ती साक्ष भावाविरुद्ध चालेल का? (इंदूर)

रेणू_इंदूर : माझ्या धाकट्या भावावर येथील जिल्हा न्यायालयात गंभीर मारहाणीचा खटला चालू आहे. मुख्य साक्षीदार सापडत नाही आणि सरकारी वकील म्हणतात, त्याचा जबाबच पुरावा धरावा. ज्याला आमच्या वकिलांनी एकही प्रश्न विचारलेला नाही, त्याच्या शब्दावर शिक्षा होऊ शकते का? पेशी पुढच्या आठवड्यात आहे. कृपया नेमके उत्तर द्यावे.

माळवी : जबाब पोलिसांपुढचा की न्यायालयातला? पोलिसांनी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली घेतलेला जबाब, साक्षीदार आला नाही म्हणून त्याच्या साक्षीच्या जागी वाचता येत नाही.

रेणू_इंदूर : न्यायालयातला. सरतपास (सरकारी वकिलांचे प्रश्न) झाला, उलटतपासाला पुढची तारीख पडली, त्यानंतर तो आलाच नाही. पालद्याच्या पत्त्यावरचे समन्स ‘राहत नाही’ असा शेरा मारून परत आले.

निवृत्त_रीडर : मी न्यायालयात आयुष्य काढले आहे. फिर्यादीशी तडजोड करा. भारतीय दंड संहितेचे कलम ३२५ (जबर दुखापत) असेल तर न्यायालयाच्या परवानगीने प्रकरण मिटते; ३२६ (घातक हत्याराने जबर दुखापत) असेल तर मात्र नाही.

माळवी : काका, ताईंनी तडजोडीचे विचारलेलेच नाही. भाऊ निर्दोष असेल तर त्याने का मिटवावे?

देवासकर : भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम २७ पाहा. साक्षीदार मेला, सापडेना किंवा विरुद्ध पक्षाने त्याला दूर ठेवले, तर त्याची आधीची साक्ष वापरता येते. मात्र आरोपीला उलटतपासाचा अधिकार आणि संधी मिळालेली असली पाहिजे. येथे ती मिळालेली नाही, म्हणून साक्ष बाद.

माळवी : हा नवा कायदा लागू झाला त्या १ जुलै २०२४ रोजी खटला प्रलंबित असेल, तर १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्याचे कलम ३३ लागेल; अटी त्याच आहेत. पण ‘बाद’ इतक्या सहज म्हणू नये. अपुरी साक्ष आपोआप बाद होत नाही, तिला वजन किती द्यायचे हे न्यायालय ठरवते, असेही काही निर्णय आहेत. शिवाय एक समन्स परत आले म्हणजे माणूस सापडत नाही हे सिद्ध झाले, असे नव्हे. वॉरंट काढले का, नातेवाइकांकडे चौकशी केली का, हे सरकार पक्षाने दाखवले पाहिजे.

स्नेहा_महू : भावाने अटकपूर्व जामीन घेतला आहे का? तो आधी घ्यावा.

रेणू_इंदूर : जामीन केव्हाच झाला आहे, खटला २०२२ चा आहे. कृपया साक्षीबद्दलच बोलावे.

माळवी : ताई, सर्वांत महत्त्वाचे राहिले. उलटतपासाच्या दिवशी पुढची तारीख कोणी मागितली?

रेणू_इंदूर : ऑर्डरशीटची (न्यायालयाच्या तारखेवार नोंदींची) नक्कल काढली. त्यात ‘बचाव पक्ष की ओर से समय चाहा गया’ असे लिहिले आहे. आमचे वकील त्या दिवशी दुसऱ्या न्यायालयात होते.

देवासकर : मग संधी दिली होती, ती घेतली नाही, असे सरकारी वकील म्हणणारच.

माळवी : म्हणूनच पेशीची वाट न पाहता दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ३११ खाली साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज द्या. परगावी सापडला तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने उलटतपास मागा. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये प्रफुल्ल देसाई प्रकरणात ती पद्धत मान्य केली आहे. तरीही तो मिळाला नाही, तर त्याच्या साक्षीवर विसंबू नये असा लेखी आक्षेप नोंदवा. आणखी एक सांगा : घटना पाहणारा दुसरा कोणी साक्षीदार आहे का?

रेणू_इंदूर : दोघे आहेत, दोघेही फितूर झाले. अर्ज उद्याच देण्यास वकिलांना सांगते.