मदत हवी आहे: २०१४ च्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवावं का?

नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहतो, ऑफिस अंधेरीला. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा वाटलं, उतरेल. २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क आणि राज्याने व्हॅट कमी केला, तरी भाव शंभराच्या खाली काही आला नाही.

मग सवयी बदलल्या. आठवड्यातले तीन दिवस लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. उरलेले दोन दिवस आईला फिजिओथेरपीला न्यायचं असतं, तिथे गाडीच लागते. पवईच्या ट्रॅफिकमध्ये आधी १४ चं मायलेज मिळायचं, आता जेमतेम साडेबारा. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या २० टक्के इथेनॉलमुळे असेल का? इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते हे मान्य, पण एवढा फरक पडतो? की प्लग, इंजेक्टर तपासून घेऊ?

सीएनजीचा विचार आहे, पण खरी अडचण डिकीची. आईची व्हीलचेअर घडी करून तिरकी ठेवली की एक चाक मागच्या सीटला टेकतं, तेव्हा कुठे झाकण लागतं. सिलिंडर बसवला तर ती ठेवायची कुठे? छोट्या गाडीत कोणी काही सोय केली आहे का?

किट बसवल्यावर आरसीवर नोंद करायला किती दिवस लागले, विमा कंपनीला कसं कळवलं, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) कुठे करता, हेही सांगा. गॅरेजवाला म्हणतो, "नोंदीचं नंतर बघू." मला ते पटत नाही.

मुलुंड-भांडुपकडे सीएनजीची रांग कोणत्या वेळी कमी असते?