क्रोमवर चढलेले पावडर कोटिंग कसे काढावे? (मदत हवी आहे)

वडिलांच्या जुन्या पोलादी सायकलच्या फ्रेमला नुकतेच गडद हिरवे पावडर कोटिंग (कोरडी रंगाची पावडर फवारून भट्टीत भाजून पक्का केलेला थर) करून घेतले. पुढच्या चिमट्याची (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची) टोके मूळची क्रोमची असल्याने ती नीट झाकावीत, असे मी दोनदा बजावले होते. तरीही टेपखाली पावडर शिरली आणि डाव्या टोकावर बोटभर रुंदीचा हिरवा पट्टा भाजून पक्का झाला आहे. अ‍ॅसिटोनने पुसून पाहिले, त्याने फक्त चमक गेली. मात्र नखाने खरवडल्यावर एका कडेचा पापुद्रा सुटतो, म्हणजे गुळगुळीत क्रोमवर त्याची पकड कच्ची असावी.

मिथिलीन क्लोराइडचे पेंट रिमूव्हर ब्रशने लावावे, की हीट गनने थर मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने सोलावा? रिमूव्हर शेजारच्या चांगल्या कोटिंगवर ओघळू नये म्हणून सीमारेषेवर कोणती टेप टिकेल? हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोमच खाते, त्यामुळे तो सल्ला कृपया नको. उरलेले कण काढण्यासाठी पितळी लोकर (पितळेच्या बारीक तारांचा घासायचा बोळा) वापरल्यास क्रोमवर ओरखडे उठतात का, हे स्वतः करून पाहिलेल्यांनी सांगावे.