गर्दीत स्वतःला वाचवताना तिसराच जखमी झाला तर?

तलावपाळी: समजा, ठाणे स्टेशनच्या सॅटिस पुलावर संध्याकाळच्या गर्दीत एकावर कोणी कोयता उगारला. त्याने हातातलं हेल्मेट फिरवलं, ते बाजूने जाणाऱ्या बाईंच्या मनगटावर बसलं, हाड मोडलं. त्याला तुरुंग नको, पण उपचाराचा खर्च त्यानेच द्यावा. त्या बाईंचा काय दोष?

कोर्टनाका: गुन्हाच होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ४४, म्हणजे जुनं भादंवि १०६, यासाठीच आहे. प्राण जाण्याची वाजवी भीती आहे आणि निरपराधाला धोका पोचवल्याशिवाय बचाव करताच येत नाही, तर तो धोका पत्करण्याचाही हक्क आहे. कलमाखालचं उदाहरण तर याहून जड आहे: जमाव ठार मारायला आलाय, त्यात लहान मुलं मिसळलीत, गोळी झाडली, मुलाला लागली, तरी गुन्हा नाही.

वाशी सेक्टर १७: अर्धंच सांगताय. ४४ला प्राणांतिक हल्ल्याचीच भीती लागते. साखळी ओढून पळणाऱ्यावर दगड भिरकावला आणि भलत्यालाच लागला, तर ४४ विसरा. तिथे बेदरकारपणाचं कलम १२५ लागू शकतं. हाड मोडलं म्हणजे जबर दुखापत: ३ वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कोर्टनाका: कोयता हातावर येणार की मानेवर, हे मोजत बसायचं? दर्शन सिंग निकालात (२०१०) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, बचाव तोलूनमापून करायची अपेक्षा धरू नका.

वाशी सेक्टर १७: ते हल्लेखोरावर किती बळ वापरलं त्याबद्दल. आणि कोयता टाकून तो गावदेवीकडे पळाला, मग हेल्मेट फेकलं तर? भीती संपली की हक्क संपला, कलम ४०.

घणसोली: हे सगळं कोर्टातलं. चौकीत आधी गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि अपवाद, म्हणजे इथे स्वसंरक्षण, दाखवायची जबाबदारी आरोपीवर (साक्ष्य अधिनियम, कलम १०८). सुदैवाने संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं झुकलं की पुरे. म्हणून ११२ला लगेच फोन, स्वतःच्या ओरखड्यांचीही वैद्यकीय नोंद आणि सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवायचा लेखी अर्ज त्याच दिवशी. जुन्या चित्रणावर नवं चढत राहतं. बहुतेक घोळ जबाबात होतो: आधी ‘हेल्मेट चुकून लागलं’, मग ‘स्वतःला वाचवत होतो’. अपघात आणि स्वसंरक्षण हे दोन वेगळे बचाव आहेत, सरकारी वकील तिथेच धरतो.

तलावपाळी: बाईंच्या खर्चाचं कोणीच बोलत नाही.

वाशी सेक्टर १७: नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६. आरोपी सुटला तरी कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं, रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवतं. हल्लेखोर सापडलाच नाही आणि खटला उभा राहिला नाही, तर थेट तिथे अर्ज.

तलावपाळी: मनगटाचं ऑपरेशन आज, शिफारस निकालानंतर. मला नाही पटत.

कोर्टनाका: मग दिवाणी दावा लावा. तिथेही हलगर्जीपणा दाखवावा लागेल, आणि डोक्यावर कोयता असलेल्या माणसाने आजूबाजूला किती बघायला हवं होतं, हे तुम्हालाच पटवावं लागेल.