मदत हवी आहे: रवा-डाळींसाठी डबे कुठले घ्यावेत? (तातडीचं)

मोगरा२२
डबे घ्यायचेत, पटकन सांगा. किचनचं काम संपलं, ट्रॉल्या बसल्या, आणि सगळा किराणा आठ दिवस हॉलमध्ये पिशव्यांत पडलाय. सेल रविवारी रात्री संपतोय. चौकोनी प्लास्टिकचा १२ डब्यांचा एअरटाइट सेट कार्टमध्ये टाकून ठेवलाय. घेऊ का? की स्टील? की काच? आधीचेही एअरटाइटच होते, तरी रव्यात जाळ्या झाल्या, म्हणून धीर होत नाही. नवरा म्हणतो काहीही घे पण घे. जुन्या धाग्यांच्या लिंका देऊ नका, वाचून झालेत.

खडीसाखर
राहता कुठे? माणसं किती? सामान महिन्याचं भरता की आठवड्याचं? ट्रॉलीची आतली उंची किती? यातलं काहीच न सांगता डबे कसे सुचवणार?

आजोबांचा_अडकित्ता
स्टील. विषय संपला. पुण्यात असाल तर तुळशीबागेत जा, डबा हातात घेऊन झाकण लावून बघा. झाकण धरून उचलल्यावर डबा सोबत वर आला पाहिजे. आईच्या लग्नातले डबे आजही वापरात आहेत, बुडाशी मामाचं नाव घातलेलं आहे. सेलमधल्या प्लास्टिकवर कोण नाव घालणार?

मोगरा२२
ठाणे. चार माणसं. सामान महिन्याचं. उंची मोजायला हवी. स्टीलमध्ये आत काय आहे ते दिसत नाही हो काका, मागे नवऱ्याने खिचडीत दाण्याचं कूट समजून धनेपूड घातली होती.

आजोबांचा_अडकित्ता
मग चिठ्ठी चिकटवा. आमची आई वासावरून ओळखायची.

मापात_पाप
तो सेट किती लिटरचा आहे ते आधी बघा. १ लिटरच्या डब्यात तांदूळ किंवा डाळ साधारण ८०० ते ८५० ग्रॅम बसते, कणीक ५५०-६००च्या आसपास, आणि पोहे तर त्याच्याही बरेच कमी. आपण पुडा आणतो किलोचा. उरलेली मूठ-दोन मुठी पुड्यातच राहते, वर रबरबँड, आणि तो पुडा जातो मागे. किडे तिथे होतात आणि शिव्या डब्याला बसतात. किलोभर डाळीला दीड लिटर, किलोभर कणकेला दोन लिटर, असं धरून चाला. सगळे डबे सारखे असलेला सेट फोटोतच बरा दिसतो.

बिब्बेवाला
डबा कुठलाही घ्या, आत दोन बिब्बे टाका. कडधान्याला एरंडेल चोळा. तांदळाला बोरिक पावडर. आमच्याकडे ४० वर्षं असंच चालू आहे.

खडीसाखर
एरंडेल ठीक. बोरिक पावडर अजिबात नको! झुरळांसाठी कणकेच्या गोळ्यांत घालतो तीच ती. आणि बिब्ब्याचं तेल लागलं की अंग उततं. हे सगळं डब्यात कशाला?

बिब्बेवाला
तांदूळ धुतले की जाते. आम्ही सगळे धडधाकट आहोत.

खडीसाखर
धुताना पोरकिडे पण जातात, म्हणून ते घालता का मुद्दाम?

जर्सीतली_मावशी
भांडू नका रे. इकडे मी पुडा आणला की सरळ डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ला चार दिवस. पोरकिडा अंडं दाण्याच्या आतच घालतो, म्हणजे ते दुकानातूनच आलेलं असतं, मग डबा कितीही एअरटाइट असो. बाहेर काढल्यावर पुडा लगेच फोडायचा नाही, गार धान्याला पाणी सुटतं. गारपणा पूर्ण गेला की मग डब्यात.

मोगरा२२
मावशी, आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे, मटार आणि सासूबाईंचं खवलेलं खोबरं. अजून एक पुडा घातला तर दार लागणार नाही.

जर्सीतली_मावशी
मग रवा भाजून ठेव. मंद आचेवर, रंग न बदलता. गार झाल्याशिवाय भरू नकोस म्हणजे झालं.

पारदर्शक
काचेच्या बरण्या घ्या!! कॉफीच्या, मधाच्या, सगळ्या जमवल्यात मी. वास धरत नाहीत, हळदीचा डाग पडत नाही, संपत आलेलं लांबून दिसतं. मीठ तर काचेतच, स्टीलला मिठाने बारीक खड्डे पडतात.

मोगरा२२
काच बघत होते, पण मुलगा तीन वर्षांचा आहे आणि ट्रॉल्या उघडून त्यात बसायला बघतो.

मापात_पाप
हे आत्ता सांगताय?

सुगरण_नव्हे
लोणच्याला मात्र चिनी मातीचीच बरणी बरं का. वरून फडक्याचा दादरा बांधायचा, आणि ओला चमचा घालणाऱ्याला घराबाहेर काढायचं.

खडीसाखर
लोणचं कुणी विचारलंय? @मोगरा, जाळ्या झालेले डबे अजून आहेत का? त्यातल्या एकाच्या झाकणाची रबरी रिंग सुरीच्या टोकाने बाहेर काढून बघा. आणि उंची मोजा!

मोगरा२२
ई ई ई. काढली रिंग. खोबणीत रव्याची ओलसर, पिवळट वात बसलेली, तिला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, आणि त्यात शितासारखी एक अळी, चक्क हलत होती. दोन वर्षं हे डबे घासतेय, रिंग निघते हेच माहीत नव्हतं. प्रत्येक वेळी डबा धुऊन नवा रवा त्याच झाकणाखाली. बाकीच्या पाच झाकणांपैकी तीन तशीच निघाली.

दुसरं म्हणजे, वरची ट्रॉली आतून साडेपाच इंच. कार्टमधला डबा सात इंच उंच. म्हणजे एकही बसला नसता. खालची अकरा इंच आहे, पण ती तेल आणि तांदळाची.

मापात_पाप
नशीब, ऑर्डर केली नव्हती.

आजोबांचा_अडकित्ता
स्टीलच्या झाकणाला रिंगच नसते.

खडीसाखर
झाकण तुमच्यासारखं ठोकून लावलं तर ना, काका. आमच्या डोंबिवलीत जुलैत स्टीलच्या डब्यातल्या साखरेचा गोळा होतो. @मोगरा, जुने डबे टाकू नका. रिंगा गरम पाण्यात साबण घालून भिजत ठेवा, खोबणी जुन्या टूथब्रशने घासा, दोन्ही वेगवेगळे उन्हात कोरडे करा. नवीन फक्त वरच्या ट्रॉलीपुरते घ्या, पाच इंची, पसरट तोंडाचे, पेला आत जाईल असे. मूल आहे म्हणून प्लास्टिकच घ्या, बुडाशी त्रिकोणात ५ आकडा असलेलं. आणि जुन्यावर नवं ओतायचं नाही, आधीचं संपवायचं.

मोगरा२२
बरं. सेलमधला सेट गेला म्हणायचा. पाच इंची, दीड लिटरचे सुटे ठाण्यात कुठे मिळतील? स्टेशनजवळ चालेल. रिंगा भिजत टाकल्यात, मुलगा बांगड्या म्हणून मागतोय.

बिब्बेवाला
रिंगेखाली एरंडेलाचं बोट फिरवा.

नवीनघर_२०
ट्रॉल्यांना खर्च किती आला? चॅनेल कुठल्या कंपनीचे बसवले?