ओढ्याच्या काठाला काँक्रीट नको, मग काय हवं?

काठावरची
ओढा सुधारायचा ठरला की पहिली मागणी येते ती दोन्ही बाजूंना भिंत आणि तळाला काँक्रीट अशी. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. गुळगुळीत तळावरून पाणी भरधाव पळतं आणि काँक्रीट संपतं तिथला काठ खातं. वेग दुप्पट झाला की तेच पाणी 64 पट वजनाचा धोंडा ढकलू शकतं. म्हणजे आपला काठ वाचवून आपण खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या दारात पूर नेऊन सोडतो. शिवाय तळ बंद झाला की ओढ्याची भूजलाशी देवघेवही तुटते.

माझा आग्रह असा: नेहमीच्या पाणीपातळीपर्यंत दगड, त्याच्या वर काथ्याची जाळी आणि जिवंत मुळं. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारा घटक, भरपूर असतं, म्हणून तो ओलाव्यात काही वर्षं टिकतो. ताग त्याच्या बराच आधी कुजतो. तोवर लव्हाळे, वाळा, निर्गुडी काठ धरतात. जाळी कुजते हा तिचा दोष नाही, तिने तेवढीच वर्षं टिकायचं असतं.

पायाभरणी
असहमत. मुळं धरायला वेळ लागतो आणि पूर तोवर थांबत नाही. रोपं, जाळी, खुंट्या सगळं पहिल्याच पावसात वाहून गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. काठापासून चार हातांवर घराचा पाया असेल तर तिथे तुम्ही निर्गुडी लावाल का? काँक्रीट नको असेल तर निदान गॅबियन घ्या. तारेच्या जाळीत दगड भरलेले असल्याने ते थोडं वाकतं, पण एकदम कोसळत नाही. पाणी आरपार जातं, त्यामुळे मागे दाबही साचत नाही.

काठावरची
वाहून गेलं ते नेमकं कुठून सुटलं, हे पाहिलं होतं का? जाळीची वरची कड चर खणून पुरलेली नसेल तर पाणी तिच्याखाली शिरतं आणि अख्खी जाळी उचलतं. पायथ्याला दगड नसेल तर खालची माती आधी जाते, मग वरचं कितीही घट्ट असलं तरी बसकण मारतं. भिंतींचंही असंच होतं, पायथा पोखरला की त्या ओढ्यात कलतात. आणि गॅबियनची तार? वाहत्या खडीने घासून तिचा जस्ताचा लेप जातो, तार गंजते, आणि एक कप्पा फाटला की दगड ओघळू लागतात.

रानवाट
दोघांनी जागेचा विचार केलेला दिसत नाही. सिंगापूरमध्ये कल्लांग नदीचा 2.7 किलोमीटरचा सरळ काँक्रीट नाला बिशान उद्यानात वळणदार केला, 2012 मध्ये तो खुला झाला. मुख्य कामाआधी त्यांनी दगड, जाळ्या, फांद्यांच्या मोळ्या असे निरनिराळे प्रकार एका छोट्या नाल्यावर लावून पाहिले होते. हे मला फार मोलाचं वाटतं. पण त्यांच्याजवळ शेजारी उद्यान होतं, पाण्याला पसरायला मोकळी जागा होती. काठाला उतारच देता येत नसेल तर काथ्या काय करणार?

उलट दक्षिण कोरियातल्या सोल शहराचा चोंग्येचॉन ओढा पाहा. 2005 मध्ये खुला झालेला 5.8 किलोमीटरचा सुंदर प्रवाह, पण त्यातलं बहुतेक पाणी पंपाने आणलेलं. त्याला मी पुनरुज्जीवन म्हणणार नाही.

पायाभरणी
जागेचा मुद्दा मान्य. पायथ्याचाही. आता दगडाबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी चूक तिथेच होते. दिसायला छान म्हणून गोल गोटे टाकले जातात. ते एकमेकांत अडकत नाहीत, एक सुटला की शेजारचे घरंगळतात. खाणीतला कोनेदार दगड हवा, लहानमोठा मिसळलेला, म्हणजे फटी भरतात. आणि त्याच्याखाली खडीचा गाळणथर हवाच. तो नसेल तर मागची माती फटींतून हळूहळू निघून जाते, वरून दगड जागच्या जागी दिसतात आणि एक दिवस सगळं खाली बसतं.

काठावरची
हे अगदी पटलं. फक्त तो दगड ओढ्याच्याच तळातून उपसू नका. तळाचा खडीचा थर निघाला की पात्र खोल होतं आणि दोन्ही काठ आणखी उभे होऊन ढासळतात.

ओली_वाट
एकच भर. स्वस्त पडते म्हणून प्लास्टिकची जाळी घेऊ नका. तिच्यात साप अडकून मरतात, आणि उन्हाने तिचे तुकडे होऊन पाण्यात जातात. आणि वाळा सावलीत नीट वाढत नाही. दाट झाडीखाली काठ त्याच्या भरवशावर सोडू नये.

पायाभरणी
पुलाच्या आणि घरांच्या जवळ मी अजूनही गॅबियनच घालणार, तिथे वाद नको. उरलेल्या काठावर काथ्या आणि झाडं लावून पाहायला तयार आहे. पण पायथ्याचा दगड पावसाच्या आत बसलेला हवा आणि पहिले दोन पावसाळे दर पुरानंतर कुणीतरी काठ चालत जाऊन पाहायला हवा. हे दुसरं काम कोण करणार, ते आधी ठरवा.