अनुभव धागा: आपल्या गावातले पिण्याचे पाणी

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारे असलेल्या भागात, माझे बालपण गेले. तेथे बोअरला पाणी लागले की 'किती लागले' याआधी 'गोडे की खारे' असे विचारले जाई. लहान गावांतील पिण्याच्या पाण्याविषयी आपण स्वतः पाहिलेले किंवा भोगलेले येथे लिहावे, ऐकीव नको.

*

लग्न होऊन मी याच पट्ट्यात आले. पहिल्याच सकाळी माझ्या हातचा चहा नासला, तेव्हा दूधच खराब असावे असे मला वाटले. सासूबाईंनी हसून झाकलेला पाण्याचा गुंड दाखवला. त्यातले नळाचे गोडे पाणी फक्त पिण्याला, चहाला आणि डाळीला, धुण्याभांड्यांना बोअरचे. नळ आठ दिवसांनी येई आणि शेवटी शेवटी गुंडाच्या तळाशी बुळबुळीत थर हाताला लागे. खाऱ्याचा धसका एवढा होता, की साठवलेले गोडे पाणीही बिघडते, हे कोणाच्या मनातच येत नसे.

*

मी काही वर्षे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक होतो. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, हे प्रमाण मला पाठ होते. पण ते ताज्या, सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचे आहे, हे पहिल्या पावसाळ्यात उमगले. पंपाच्या खोलीत पोत्याचे तोंड उघडे राहिले होते. मी नेहमीप्रमाणे बादलीत पावडर कालवली, चुना तळाशी बसू दिला, वरचे निवळ पाणी टाकीत सोडले आणि अर्ध्या तासाने पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणाऱ्या ओटी चाचणीचे थेंब टाकले, तर पिवळी छटा येईचना. पुढे मी चाचणी गावातल्या शेवटच्या नळावर घेऊ लागलो, कारण तेथवर निदान ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन उरले पाहिजे. टाकीजवळच्या नळावर रंग हमखास येतो आणि नोंदवही छान भरते; तो मोह मलाही झाला होता.

*

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात. हातपंपाचे पाणी काचेसारखे स्वच्छ, तरीही वडील ते उकळूनच प्यायला देत. माझ्या आणि धाकट्या भावाच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटले, ते आम्ही मशेरीने घासत राहिलो. पाणी तपासल्यावर दातांवर असे पट्टे आणणारे फ्लोराइड जास्त निघाले. त्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण किंचित वाढते. वडिलांना हे सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

*

जारवाला टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि लोक निर्धास्त होतात. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा आहे, जंतूंचा नव्हे. जार आतून कधी घासतात, एवढे मी विचारले. उत्तर मिळाले नाही.

*

मी नळजोडणीची कामे करतो. पाणी सुटले की घरोघरी टिल्लू पंप थेट नळाला लावतात. त्या ओढीने जलवाहिनीतला दाब पडतो आणि गटारातून गेलेल्या गंजक्या जोडांतून बाहेरची घाण आत खेचली जाते. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत जुलाबाची साथ आली, तेव्हा तपासणीच्या बाटलीतले पाणी दुसऱ्या दिवशी काळे पडले, म्हणजे पाणी दूषित होते. मी गटारातला जोड बदलून दिला. त्या गल्लीतले निम्मे टिल्लू मीच बसवलेले आहेत.