मुळं कमी असलेलं ऑर्किड लाकडावर बांधू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी लातूरची. पुण्याहून बहिणीनं एक फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड पाठवलंय. कुंडीत मातीऐवजी भरलेली झाडाची साल कुजून भुगा झाली होती. सडलेली मुळं कापल्यावर दोन-तीनच जिवंत उरली, बोटाएवढी. भिजवली की हिरवी होतात, सुकली की चंदेरी, म्हणजे जीव आहे. पानं मात्र सुरकुतलीत.

बांधायला वापरतात ती कॉर्कची साल इथं मिळत नाही. शेतावर आंब्याची वाळलेली, खरखरीत सालीची फांदी आहे. सागाची फळकुटंही आहेत, पण ती रंधलेली, गुळगुळीत. मुळं त्यांना धरतील असं वाटत नाही.

खरी अडचण हवेची. आता पाऊस आहे तोवर ठीक, पण मार्चपासून जे कोरडं वारं सुटतं आणि मे महिन्यात पारा ४० च्या पुढं जातो, तेव्हा उघडी मुळं किती तग धरतील? वांडा टेसेलाटा हे रानटी ऑर्किड आपल्याकडच्या आंब्यांवर उन्हाळा काढतो, पण त्याची पानं जाड, मुळं दांडगी. फॅलेनॉप्सिस तसं नाही.

लगेच बांधावं, की आधी ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ठेवून नवी मुळं फुटू द्यावीत? बांधलंच तर मुळांखाली मॉस किती? आमच्याकडं नारळाच्या शेंड्या सहज मिळतात, त्या चालतील का? बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर चढतो, म्हणून पावसाचं साठवतेय. ते संपल्यावर काय वापरता?

मराठवाड्यात कुणी हे केलं असेल तर आधी त्यांनी सांगा. कोकणातल्या ताई-दादांनो, तुमच्याकडं काठीलाही पालवी फुटते!